लोणासुर खरा होता काय?

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या नातवास घेऊन आम्ही लोणारला गेलों होतों. आमच्या नोकरीचीं बरींच वर्षें बुलढाणा जिल्ह्यांत गेलीं असल्यामुळें तें सरोवर आम्हीं अनेक वेळां पाहिलें आहे. परंतु नऊ वर्षांच्या मुलाच्या संगतीनें तें पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. काळ्या मातीच्या सपाट मुलखांतून जातां जातां एकाएकीं जमीन संपते, आणि पायांखालीं झाडीनें भरलेली एक अवाढव्य वाटी उघडी पडते. तिच्या तळाशीं हिरवट, जड दिसणारें पाणी. तेथें उभा राहिलेला मनुष्य कितीहि बोलका असला तरी क्षणभर त्याची वाचा बसते. आमचा नातूहि गप्प झाला. शेजारच्या दगडावर गांवचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनीं त्यास जवळ बोलाविलें, आणि कोणी न विचारतांच लोणासुराची गोष्ट सांगावयास सुरुवात केली.

गोष्ट जुनी आहे, आणि थोड्याफार फरकानें ती या भागांत घरोघरीं ठाऊक असते. या जागीं जमिनीच्या पोटांत लोणासुर, म्हणजेच लवणासुर, नांवाचा एक दैत्य राहत असे. बाहेर येऊन तो मुलूख उजाड करी आणि पुन्हां बिळांत जाऊन झोपे. बिळावर झांकण असें कीं, त्याचा पत्ता देवांसहि लागेना. शेवटीं विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेतलें, दैत्याच्या दोघी बहिणींचें मन वळविलें, त्यांच्याकडून बिळाची जागा काढून घेतली, आणि पायाच्या अंगठ्यानें तें झांकण असें उडविलें कीं, तें कित्येक कोस दूर जाऊन पडलें. नैर्ऋत्येकडील एक शंकूसारखी टेकडी म्हणजे तेंच झांकण. आंत झोपलेला दैत्य मारला गेला. तळ्यांतील पाणी हें त्याचें रक्त, आणि पाण्यांतील खार हें त्याचें कुजलेलें मांस. विष्णूस दैत्यसूदन हें नांव मिळालें, आणि त्या नांवाचें हेमाडपंती धाटणीचें देऊळ लोणार गांवांत आजहि उभें आहे.

गोष्ट संपली तेव्हां मुलानें आमच्याकडे वळून विचारलें, "आजोबा, लोणासुर खरा होता का हो?"

तीस वर्षें वर्गांत उभें राहून शिकविणाऱ्या माणसाची जीभ अशा वेळीं फार लवकर चालते. आम्हीं म्हटलें, "नाहीं रे. आकाशांतून एक मोठा दगड पडला, त्याचा हा खड्डा." मुलानें एकदां खड्ड्याकडे पाहिलें, एकदां त्या वृद्धाकडे पाहिलें, आणि हळूच विचारलें, "मग हे बाबा खोटें बोलले का?"

ते गृहस्थ मोठ्यानें हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. "होय" म्हणावें, तर त्या सज्जन माणसाचा, त्याच्या आजीचा आणि तिच्याहि आजीचा आम्ही अपमान करणार. "नाहीं" म्हणावें, तर नुकतेंच आम्हीं सांगितलेलें खोटें ठरणार. "पुढें कधीं तरी सांगेन," असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे तें राहिलेलें उत्तर होय. जगांत कोठेंहि नसलेले प्राणी माणसानें कल्पिले, दगडांत कोरले, मुलांना सांगितले. हें असत्य भाषण आहे काय? आणि असेल, तर त्याचा दोष कोणाच्या माथीं जातो?

प्रथम लोणारविषयीं शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. अकबराच्या काळीं अबुल फजलानें आपल्या "ऐन-इ-अकबरी" या ग्रंथांत लोणारचा उल्लेख केला आहे. पुढें १८२३ सालीं सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या विवराची नोंद केली. दख्खनचें पठार लाव्हारसाच्या थरांनीं बनलेलें असल्यामुळें हा खड्डाहि ज्वालामुखीचाच असावा, असें विद्वान् लोक दीर्घकाळ मानीत होते. नंतर विवराच्या तळाशीं छिद्रें पाडून वर काढलेल्या खडकांत, अतिशय जबर आघातावांचून निर्माण न होणारें कांचेसारखें द्रव्य सांपडलें, आणि १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उल्कापाताचा पक्ष बळकट झाला. विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून खोली सुमारें १५० मीटर आहे. वयाविषयीं मात्र एकमत नाहीं. एका पद्धतीनें तें सुमारें ५०,००० वर्षें भरतें, तर २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मापनानें सुमारें ५,७०,००० वर्षें. म्हणजे शास्त्रासहि आपलें पहिलें उत्तर टाकून द्यावें लागलें, आणि दुसऱ्या उत्तराचा एक भाग अद्याप चर्चेंत आहे.

हें लक्षांत घेऊन आतां गोष्टीकडे पुन्हां वळूं. ज्यांनीं ती रचली त्यांनीं खड्डा नीट पाहिला होता. भोंवतालीं उंच कड आहे, तेव्हां वर झांकण असलें पाहिजे. झांकण दिसत नाहीं, तेव्हां तें कोणीं तरी उडविलें असलें पाहिजे. दूरवर एक एकटी टेकडी उभी आहे, तेव्हां तें तेथें पडलें असलें पाहिजे. विवराच्या उतारावरील झऱ्यांना गोडें पाणी असून तळ्याचें पाणी मात्र खारट, तेव्हां त्यांत कांहीं तरी कुजलें असलें पाहिजे. हें अनुमानच आहे. साधनें अपुरीं होतीं, एवढेंच. लोणासुर हें नांव त्या अनुमानाच्या शेवटीं लिहिलेलें उत्तर आहे. उत्तर चुकलें, पण उदाहरण मनापासून सोडविलेलें आहे.

येथें एका मोहापासून वाचकांनीं सावध राहावें. "पाहा, आमच्या पूर्वजांना उल्कापात ठाऊक होता, विष्णूचा अंगठा म्हणजेच ती उल्का," असें सांगणारे लोक आज पुष्कळ भेटतात. विवराचें वय कमींत कमी धरलें तरी मराठींत काय, संस्कृतांतहि एवढी जुनी आठवण टिकून राहण्याचा संभव नाहीं. पूर्वजांनीं न मिळविलेलें ज्ञान त्यांच्या पदरीं बांधणें हा त्यांचा गौरव नव्हे. त्यामुळें त्यांनीं खरोखर केलेली पाहण्याची मेहनत मात्र झांकली जाते. दैत्याची गोष्ट खोटी नाहीं. दैत्याच्या गोष्टीस शास्त्राचा अंगरखा घालणें हें खोटें आहे.

२०२० सालच्या जून महिन्यांत या सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तें वाचकांस आठवत असेल. पाणी म्हणजे दैत्याचें रक्त, असें पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या गांवांत तो रंग पाहून कोणास लोणासुर आठवला असेल तर त्यांत नवल नाहीं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं पाण्याचे नमुने तपासले, तेव्हां मिठागरासारख्या खाऱ्या पाण्यांतच जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग आहे असें आढळलें. उन्हाळ्यानें पाणी आटलें, खार वाढला, आणि त्या जीवांची संख्या वाढली. डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवांनीं एवढें मोठें तळें रंगविलें, ही गोष्ट दैत्याच्या गोष्टीहून कमी आश्चर्याची आहे, असें कोण म्हणेल?

आमच्या मतें कल्पित प्राण्यांचे तीन वर्ग करतां येतील. पहिला वर्ग उत्तरादाखल जन्मलेल्या प्राण्यांचा, लोणासुर त्यांतला. आमच्याच जिल्ह्यांतील मेहकर या गांवाच्या नांवाची उपपत्तिहि अशीच मेघंकर नांवाच्या दैत्याशीं जोडतात. दुसरा वर्ग खुणेदाखल निर्माण केलेल्या प्राण्यांचा. तिसरा वर्ग वार्तेदाखल पसरलेल्या प्राण्यांचा, म्हणजे "अमक्या देशांत असा प्राणी खरोखर आहे," असें गंभीरपणें सांगितलेल्यांचा. पहिल्या दोन वर्गांपासून कोणास फारसा उपद्रव झालेला नाहीं. सारा अनर्थ तिसऱ्या वर्गानें केला आहे.

खुणेचे प्राणी आपल्या भोंवतीं पुष्कळ आहेत. ओळखीचे झाल्यामुळें ते दिसत नाहींत. रायगडाच्या महादरवाज्यावर शरभ कोरलेला आहे. सिंहाचें अंग, पक्ष्याचे पंख, अशा रूपानें शिवानें नरसिंहाचा क्रोध शमविला, अशी त्याची पुराणकथा आहे. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरहि असाच एक बलवान् पशु पंजांत हत्ती धरून बसला आहे. छत्रपतींचा गड आणि सिद्दीचा किल्ला जन्मभर एकमेकांशीं लढले, पण दारावर बसवावयाची खूण दोघांनाहि एकाच जातीची सांपडली. तो पशु रानांत राहतो असें दोघांपैकीं कोणी म्हटलें नाहीं. "येथें बळ आहे, जपून या," एवढाच त्याचा अर्थ. देवळाच्या उंबरठ्यावरील कीर्तिमुख तर याहून खोल अर्थाचें आहे. राहूला खाण्यासाठीं शिवानें निर्माण केलेला तो भुकेला जीव, राहु शरण आला, तेव्हां "मग मी काय खाऊं?" असें त्यानें विचारलें, आणि "स्वतःलाच खा," अशी आज्ञा होतांच हात, पाय, धड खाऊन केवळ तोंडापुरता उरला. ज्याची भूक स्वतःवर उलटली त्यालाच देवाच्या दारीं मानाची जागा मिळाली. हा प्राणी खरा कीं खोटा, असें विचारणारा मनुष्य प्रश्नच चुकला, असें म्हणावें लागेल.

आमच्या जिल्ह्यांतील ताजें उदाहरण सिंदखेडराजाचें. जिजाऊंचे पिते लखुजीराजे जाधव यांच्या छत्रीच्या डागडुजीचें काम चाललें असतां २०२४ सालीं पुरातत्त्व खात्यास तेथें जमिनीखालीं शेषशायी विष्णूचें मोठें शिल्प सांपडलें. शेषाच्या शय्येवर विष्णु, पायांशीं लक्ष्मी, आणि शिल्पावर समुद्रमंथनाचा देखावा. समुद्रमंथन म्हटलें म्हणजे वासुकीची दोरी आली, ऐरावत आला, उच्चैःश्रवा घोडा आला. हें शिल्प पाहून अनेक फणांचा सर्प कोणत्या अरण्यांत सांपडतो, असें कोणी विचारील असें वाटत नाहीं. खूण ही खूण म्हणूनच वाचावयाची, हें ज्ञान आपल्या लोकांत जिवंत आहे. तें शाळेंत शिकवावें लागत नाहीं.

आतां तिसरा वर्ग. युरोपांत ज्याच्यावर शतकानुशतकें चित्रें काढलीं गेलीं तो एकशिंगी प्राणी मूळचा आमच्याच देशाच्या नांवावर खपला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. इसवी सनापूर्वीं सुमारें ४०० वर्षें क्टेसिअस नांवाचा एक ग्रीक वैद्य इराणच्या राजाच्या पदरीं होता. हिंदुस्थानांत तो कधींहि आला नाहीं. पण ऐकीव माहितीवरून त्यानें हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. कपाळावर एकच शिंग असलेलीं रानगाढवें त्या देशांत आहेत, आणि त्या शिंगाच्या पेल्यांतून जो पितो त्यास विषाची बाधा होत नाहीं, असें त्यानें नमूद केलें. क्टेसिअस कवि नव्हता, कीर्तनकार नव्हता. तो वैद्य होता, आणि त्यानें हें सरळ गद्यांत, माहिती म्हणून लिहिलें. गोष्ट सांगणारा "एक होता राजा" म्हणतो, तेव्हां ऐकणारा सावध होतो. वार्ता सांगणारा अशी सूचना देत नाहीं.

या वार्तेची किंमत कोणीं दिली? कल्पित प्राण्यानें नव्हे; त्याला ना रक्त, ना मांस. उत्तरेकडील बर्फाच्या समुद्रांत नारव्हाल नांवाचा एक लहानसा देवमासा असतो. त्याला लांब, पिळदार दांत असतो. मध्ययुगांत तो दांत एकशिंगी प्राण्याचें शिंग म्हणून राजेलोकांस सोन्याच्या मोलानें विकला जाई. डेन्मार्कच्या राजानें तर अशा दांतांचें सिंहासन करविलें. १६३८ सालीं त्याच देशांतील ओले वर्म या पंडितानें हें शिंग नसून माशाचा दांत आहे असें दाखवून दिलें. इकडे जमिनीवर गेंड्याचीहि तीच गत झाली. नखें ज्या द्रव्याचीं, त्याच द्रव्याचें त्याचें शिंग. पण त्यांत औषधी गुण आहे या समजुतीपायीं आजतागायत गेंडे मारले जात आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं आसामांतील काझीरंग्यांत फारच थोडे गेंडे उरले होते. कडक राखणीमुळें ते वाढले, आणि २०२२ च्या गणनेंत तेथें २,६१३ भरले. जो प्राणी कधींच नव्हता त्याच्या कीर्तीपायीं जे होते ते मेले, असा हा हिशेब आहे.

परदेशाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. आपल्याकडील मांडूळ हा बिचारा बिनविषारी साप. तो जमिनींत राहतो, उंदीर खातो, आणि त्याची शेपटी बोथट असल्यामुळें ती दुसऱ्या तोंडासारखी दिसते. एवढ्या दिसण्यावरून आम्हीं त्यास दुतोंड्या ठरविलें, नंतर त्यास गुप्तधनाचा वास येतो असें ठरविलें. आणि आज त्याच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या महाराष्ट्रांत वारंवार वाचावयास मिळतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास पकडणें गुन्हा आहे. परंतु माणसाच्या डोक्यांतील धनाच्या हंड्यापुढें कायदा दुबळा पडतो. शेताची राखण करणारा जीव पोत्यांत कोंडून विकला जातो, तो अशा गुणासाठीं कीं जो त्याच्या अंगीं नाहीं.

याच ठिकाणीं आम्हांस स्वतःविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वीं जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं आम्ही भाड्यानें राहत होतों. घरमालकांची गाय कांहीं दिवस दूध कमी देत होती. एका सकाळीं गोठ्यांत धामण दिसली आणि निकाल लागला: धामण गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते. चार माणसें काठ्या घेऊन धांवलीं. आम्ही ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन उभे होतों. सापाच्या तोंडाची ठेवण अशी असते कीं, त्यास ओढून दूध पितां येणेंच शक्य नाहीं, हें आम्हीं वाचलें होतें. धामण उंदरांवर जगते आणि ती कणगीजवळ दिसली तर शेतकऱ्यानें तिचे उपकार मानावेत, हेंहि ठाऊक होतें. एक वाक्य बोललों असतों तर कदाचित् ती वांचली असती. आम्ही बोललों नाहीं. नवा भाडेकरू, घरमालकाशीं वितंडवाद कशाला, हें एक कारण. आणि या माणसांपुढें काय बोलावयाचें, हा पदवीधराचा गर्व, हें दुसरें. दुसऱ्या दिवशीं कॉलेजांत आम्हीं एका इंग्रज कवीची, निरपराध समुद्रपक्ष्यास मारणाऱ्या खलाशाची प्रसिद्ध कविता शिकविली. तास फार चांगला झाला, असें विद्यार्थी म्हणाले.

तेव्हांपासून महाभारताचा आरंभ आम्हांस निराळा वाटूं लागला आहे. परीक्षितास तक्षकानें दंश केला, म्हणून जनमेजयानें समस्त सर्पकुळाचा होम मांडला. अपराध एकाचा, शिक्षा जातीला. आणि तो होम थांबविला कोणीं? आस्तिक नांवाच्या एका लहान वयाच्या ऋषिकुमारानें. तोहि शस्त्रानें नव्हे, तर भर सभेंत उभें राहून बोलल्यानें. बोलणें हें सुशिक्षिताचें काम आहे. गोठ्यांतल्या त्या सकाळीं आमच्या पदरीं असलेलें एकमेव शस्त्र आम्हीं खिशांतच ठेवलें.

आमचे एक बुद्धिवादी स्नेही आहेत. हें सर्व ऐकून ते म्हणतात, "मग हे सगळेच दैत्य, शेष आणि शरभ मुलांच्या पुस्तकांतून काढून टाका. खोट्याची संवय लहानपणीं लागते, तीच पुढें मांडुळापर्यंत जाते." त्यांच्या तळमळीचा आम्हांस आदर आहे, पण हा उपाय रोगाच्या जागीं लागत नाहीं. मांडूळ विकत घेणारा मनुष्य गोष्टी फार ऐकलेला असतो म्हणून फसतो, असें दिसत नाहीं. बहुधा तो लोभानें फसतो. क्टेसिअसचें वाचून ज्या राजांनीं शिंगाचे पेले केले, ते मृत्यूच्या भयानें फसले. उलट ज्या मुलानें लहानपणीं लोणासुर ऐकला, त्याचें भय उपभोगलें, आणि मोठेपणीं त्यास प्रेमानें निरोप दिला, त्यास गोष्ट आणि वार्ता यांतील भेद अनुभवानें कळलेला असतो. ज्यानें कधीं गोष्टच ऐकली नाहीं, त्यास सारेंच वृत्तान्त वाटतें.

शिवाय केवळ अविश्वास म्हणजे शहाणपण नव्हे. १७९९ सालीं जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञापुढें ऑस्ट्रेलियांतून आलेलें एक कातडें होतें: बदकाची चोंच, पाणमांजराची लव, आणि चपटी शेपटी. पूर्वेकडील बंदरांतून शिवून केलेल्या "मत्स्यकन्या" त्या काळीं विकावयास येत. त्यामुळें हेंहि कोणा लबाडाचें काम असावें, अशी शंका त्यास आली. पण तो प्राणी खराच निघाला. त्याचें नांव प्लॅटिपस, आणि तो आजहि ऑस्ट्रेलियाच्या ओढ्यांत पोहत आहे. पूर्वीं वार्तांवर फार भाबडा विश्वास ठेवल्यामुळें पुढें सत्यावरहि विश्वास बसेना, असा हा परिणाम.

मग अनोळखी जीव पुढें आला असतां मनुष्यानें कसें वागावें? आमच्या मतें याचें सर्वांत सुंदर उत्तर एका कल्पित प्राण्याच्याच कथेंत आहे. पंधराव्या शतकांत सारळा दास या कवीनें ओडिया भाषेंत महाभारत रचलें; त्यांत नवगुंजर नांवाचा प्राणी येतो. कोंबड्याचें डोकें, मोराची मान, बैलाचें वशिंड, सिंहाची कंबर, सर्पाची शेपटी, पाय निरनिराळ्या पशूंचे, आणि एका पायाच्या जागीं मनुष्याचा हात. अरण्यांत तप करीत असलेल्या अर्जुनापुढें तो उभा राहतो. अर्जुन भितो, धनुष्य उचलतो, आणि त्याची दृष्टि त्या हातांतील कमळावर जाते. असा प्राणी जगांत नाहीं, हें त्यास ठाऊक आहे. पण आपणांस ठाऊक नाहीं तें सर्व मारण्यासारखेंच असतें असें नाहीं, हेंहि त्यास त्या क्षणीं उमगतें. तो धनुष्य खालीं ठेवतो व नमस्कार करतो. तें विष्णूचेंच रूप होतें. या कथेनें माणसास कोणताहि खोटा प्राणी खरा मानावयास लावलें नाहीं. तिनें फक्त हात थांबवावयास शिकविलें. आमच्या घरमालकांस, आणि त्यांच्यापेक्षांहि आम्हांस, ती त्या सकाळीं आठवली असती तर!

कल्पनेनें मन एवढें मोकळें झालें, म्हणजे खऱ्या प्राण्यांचा अद्भुतपणाहि दिसूं लागतो. २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यांत यंत्राचा पट्टा असल्यामुळें त्याची वाट कळत गेली. शेतें, नाले, रस्ते, गांवांच्या शिवा ओलांडीत, महाराष्ट्रांतून तेलंगणांत आणि पुन्हां महाराष्ट्रांत, असा १,३०० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून तो त्या वर्षाच्या अखेरीस आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. तेथें दुसरा वाघ नव्हता. जोडीदार शोधीत तो आला असावा, असें जाणते लोक म्हणाले. ती त्यास येथें मिळाली नाहीं. कापसाच्या आणि तुरीच्या शेतांमधून, बहुतेक माणसांच्या नजरेस न पडतां, तो एकटा चालत राहिला. पंख लावून किंवा आठ पाय जोडून या प्राण्यास अधिक अद्भुत करणें कोणत्या पुराणिकास साधलें असतें? त्यास फक्त वाट मोकळी हवी होती.

तेव्हां नातवाच्या प्रश्नास आमचें उत्तर असें: लोणासुर नव्हता, आणि त्या बाबांनीं खोटेंहि सांगितलें नाहीं. त्यांनीं गोष्ट सांगितली. आणि गोष्ट ही गोष्ट म्हणून सांगणारा असत्य बोलत नाहीं. असत्य तेव्हां होतें, जेव्हां आपण मनांतील प्राण्याचे गुणदोष रानांतील प्राण्याच्या अंगावर लादतों, आणि मग त्याच्या मागें काठी किंवा पोतें घेऊन धांवतों. कल्पिलेल्या जीवास कितीहि डोकीं द्यावींत. जिवंत जीवास मात्र त्याचें आहे तेवढेंच द्यावें.

लेख येथपर्यंत लिहून झाल्यावर आम्हीं मुलास बोलावलें, आणि त्यास समजेल अशा भाषेंत हें सर्व सांगितलें. लोणासुराविषयीं त्याचें समाधान झालेलें दिसलें. मग आम्हीं त्यास ती धामणीची गोष्टहि सांगितली. ती गाळावी असें एकदां मनांत आलें होतें, पण गाळली नाहीं. तो थोडा वेळ गप्प बसला, आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हांला ठाऊक होतें, मग तुम्ही बोललां का नाहीं?"

वर आम्हीं वाचकांस त्याचीं दोन कारणें दिलीं आहेत. त्यांतलें एकहि त्याला सांगण्यासारखें वाटलें नाहीं. "भ्यालों रे," असें आम्हीं म्हटलें.